मुलींसाठी द्यायचे, पण कोणत्या मुलींसाठी?

गणपतीला आलेले चाकरमानी परत गेले आणि गावोगावच्या मंडळांच्या सभा आटोपल्या, की या सदराकडे दानाविषयीची पत्रे वाढू लागतात. मुलींसाठी काही द्यावे की नाही, असे आता सहसा कोणी विचारीत नाही. कसे द्यावे, हे विचारतात. या वेळी चार पत्रे घेतली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण प्रश्नच तसा होता.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. निवृत्तीच्या रकमेतील तीन लाख रुपये मुलींच्या शिक्षणासाठी द्यावेत, असे मनात आहे. ही रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून दहावीत पहिल्या येणाऱ्या मुलीला माझ्या सासूबाईंच्या नावे बक्षीस द्यावे, असे शाळेने सुचविले आहे. मध्यंतरी एका अमेरिकन अहवालाविषयी वाचले, की तेथील कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर स्त्रियांच्या वाट्याला दानातील फारच थोडा पैसा जातो. आपल्याकडे वंशभेद नाही, तेव्हा तो प्रश्न आपल्याला लागू नाही, असे माझे यजमान म्हणतात. ते बरोबर आहे का? आणि पैसे नेमके कोठे द्यावेत?

उत्तर : ताई, आपण वाचलेला अहवाल बहुधा न्यूयॉर्कच्या मिस फाउंडेशनचा, २०२० सालचा असावा. अमेरिकेतील दानसंस्थांनी एका वर्षात दिलेल्या ६,६९० कोटी डॉलरपैकी जेमतेम अर्धा टक्का रक्कम गौरेतर स्त्रिया आणि मुली यांच्यासाठी होती, आणि ती माणशी वाटली तर प्रत्येकीला वर्षाकाठी ५ डॉलर ४८ सेंट येतात, असा त्यातील हिशेब आहे. केवळ स्त्रिया व मुली यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना तेथे एकूण दानातील दोन टक्क्यांच्या आसपासच मिळतात, असे इंडियाना विद्यापीठातील अभ्यासक दाखवीत आले आहेत. म्हणजे आधीच थोडे असलेले हे दान ‘स्त्रियांसाठी’ म्हणून दिले, तरी जिच्या घरापर्यंत रस्ता आहे तिच्याकडे ते आधी पोचते, आणि जिला बाई म्हणूनही मागे ठेवले आहे व वंशामुळेही, तिच्या दारात जाईपर्यंत आटून गेलेले असते.

आपल्या यजमानांचे म्हणणे अगदी शब्दशः घेतले तरी ते पुरते खरे नाही. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज होते, हे कोकणात राहून विसरता येत नाही. पण तो वाद बाजूला ठेवू. आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि जमात आहे, आणि बाईपण व जात यांचा फास एकाच वेळी कसा आवळतो, हे त्या अहवालाच्या कितीतरी आधी येथे लिहिले गेले आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. मांग-महारांच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात याचा विचार करा, असे त्या मुलीने पंडितांना सुनावले होते.

आता आपल्या तालुक्यापुरते पाहू. दहावीत पहिली येणारी मुलगी हुशार असते, कष्टाळू असते आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु ती दहावीपर्यंत पोचलेली असते. जी सहावीतच गळाली तिच्यापर्यंत आपल्या सासूबाईंच्या नावाचे बक्षीस कधीच जाणार नाही, आणि कोकणात ती मुलगी बहुतेक वेळा कातकरवाडीतली असते. विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी जमातींपैकी कातकरी ही एक आहे, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

दिवाळीनंतर एखाद्या पहाटे अशा वाडीत जाऊन पाहावे. मुकादमाचा टेम्पो पाणंदीच्या तोंडाशी उभा असतो. त्यात आधी भांडी चढतात, मग गोधड्या, मग टोपलीखाली झाकलेली कोंबडी, आणि सर्वांत शेवटी माणसे. कारवीच्या कुडाचे दार सुंभाने बांधून बंद केलेले असते. मी एकदा पाहिलेल्या घरात आत खुंटीला शाळेचे दप्तर तसेच टांगून ठेवलेले फटीतून दिसत होते, आणि ज्या मुलीचे ते होते ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन टेम्पोच्या फळीवर बसली होती. तिलाच का न्यायचे, याचे कारण शाळेतल्या कोणी तिच्या आईला विचारले नव्हते. वीटभट्टीवरचे काम जोडीने चालते, नवरा-बायको मिळून विटा पाडतात आणि मजुरी हजार विटांमागे मिळते. दोघांपैकी एकाने तान्ह्याकडे पाहायचे म्हटले तर पावसाळ्यात घेतलेली उचल फिटत नाही. म्हणून तिसरे माणूस लागते, आणि ते तिसरे माणूस म्हणजे दहा-बारा वर्षांची मुलगी. ती आणखी दोन वर्षांनी मोठी झाली की वेगळीच भीती सुरू होते, कारण वयात आलेली पोर वाडीत एकटी ठेवता येत नाही आणि भट्टीवरही मोकळी ठेवता येत नाही. मग लग्न लावून देणे हाच आईबापांना सुरक्षित मार्ग वाटतो. त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे, की आता ते बोलणाऱ्यानेच काही शिकावे असे वाटू लागले आहे.

म्हणून पैसे द्यायचे ते या अडथळ्यावर. भट्टीच्या जागी चार-सहा महिने चालणारे पाळणाघर असेल, तर मोठी बहीण मोकळी होते. वाडीतच राहिलेल्या एखाद्या आजीला किंवा काकूला महिन्याला ठरावीक मानधन देऊन चार-पाच मुलींना तिच्याकडे ठेवता आले, तर आईबाप निर्धास्तपणे जातात. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना याच विचाराने आखलेली आहे, पण तिचे पैसे येईपर्यंत हंगाम अर्धा उलटून जाऊ नये, यासाठी आगाऊ खर्च करणारे कोणीतरी लागते. दुसरा खर्च कागदपत्रांचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांची झोपडी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहिली, त्यांनी तो कोठून आणायचा? पणजोबाचे नाव जुन्या शाळेच्या पटावर किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधत तालुक्याच्या ठिकाणी पाच-सात खेपा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. ती बुडालेली मजुरी भरून देणारे दान मी तरी अजून कोणाच्या वार्षिक अहवालात पाहिलेले नाही.

हिशेब असा करून पाहा. तीन लाखांवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला २१ हजार रुपये सुटतील आणि भिंतीवर एक संगमरवरी पाटी लागेल. त्याऐवजी मूळ रक्कमच खर्च करायची ठरविली, तर पाच मुलींना प्रत्येकी वर्षाला १५ हजार याप्रमाणे चार वर्षे देता येतात, म्हणजे आठवीतली मुलगी अकरावी पार करते. मूळ रकमेला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची शिकवण संसाराला चांगली आहे. दानाला ती तितकीशी लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

कोठे द्यावेत, याविषयी संस्थेचे नाव मी सांगणार नाही, तो या सदराचा नियम आहे. मात्र काय पाहावे ते सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडे संस्थेची नोंदणी आहे का, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब ती दाखविते का, आणि तिच्या विश्वस्तांत किंवा निदान पगारी कार्यकर्त्यांत कातकरी बाई आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पहिल्या दोहोंवर समाधान मानू नये. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील आदिवासी विकासाचे काम पेणच्या प्रकल्प कार्यालयाकडे आहे. कोणत्या आश्रमशाळांत व वसतिगृहांत आपल्या तालुक्यातील मुली आहेत, याची चौकशी तेथे करता येईल. आयकराची सवलत हवी असल्यास दोन हजारांवरील रक्कम रोखीने देऊ नये. नव्या करप्रणालीत देणगीवरची ती सवलत मिळतच नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आणखी एक. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्ग गावी ओसिओला मॅकार्टी नावाची एक कृष्णवर्णीय बाई आयुष्यभर लोकांचे कपडे धुऊन व इस्त्री करून राहिली. आजारी मावशीची सेवा करण्यासाठी तिची शाळा सहावीतच सुटली होती. तिने १९९५ साली आपल्या साठवणीतले दीड लाख डॉलर गावातल्याच विद्यापीठाला देऊ केले. त्या विद्यापीठाने १९६५पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच दिला नव्हता. पैसे देताना तिने नुसते ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असे म्हटले नाही. गरजूंतही कृष्णवर्णीयांना प्राधान्य द्यावे, असे सांगून ठेवले. आपणही दानपत्रात ‘मुलींसाठी’ एवढेच न लिहिता कोणत्या मुलींसाठी ते लिहावे. शाळेला वाईट वाटेल, पण सासूबाईंना वाटणार नाही.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावाचे मुंबईत ग्रामविकास मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस आहे. देवळाच्या सभामंडपाचे काम पुरे होऊन एक लाख ऐंशी हजार रुपये शिल्लक राहिले. त्यातून गावातील मुलींना शिष्यवृत्ती द्यावी, असे तरुण सभासदांचे म्हणणे आहे. ज्येष्ठांचे दोन आक्षेप आहेत : मुलग्यांनी काय पाप केले, आणि बौद्धवाडीचे स्वतःचे मंडळ असताना त्यांच्या मुलींचा यात समावेश कशासाठी? सभा दोनदा तहकूब झाली. काय करावे?

उत्तर : मुलग्यांनी पाप केलेले नाही. मंडळाची गेल्या दहा वर्षांची इतिवृत्ते काढून क्रिकेटचे सामने, चषक आणि टी-शर्ट यांवरील खर्चाची बेरीज तेवढी सभेपुढे ठेवावी, म्हणजे मुलग्यांचा वाटा पोचला आहे हे ज्येष्ठांच्याच लक्षात येईल. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. बापे मुंबईला गिरणीत, गोदीत, खानावळीत होते, तेव्हा भात लावले ते बायांनी, गुरे राखली बायांनी, म्हाताऱ्यांचे केले बायांनी. मंडळाची वर्गणी पुरुषांच्या नावे फाटली, तरी ती त्यांच्या खिशात उरली ती गावातल्या बाईने काटकसर केली म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो उघडपणे मांडला गेला हे बरे झाले, कारण बहुतेक मंडळांत तो न बोलताच अमलात आणला जातो. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या निमित्ताने ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला होता. आपल्या सभेत आज ‘ग्राम’ या शब्दाचा अर्थ विचारला जात आहे. वाडीचे मंडळ असेल, तर तसे नाव लावावे. ग्रामविकास मंडळ असे नाव लावून पावत्या फाडल्या असतील, तर गावकुसाच्या दोन्ही बाजू त्यात आल्या.

आपला तालुका या बाबतीत भाग्यवान आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, त्याच्या मागे बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेली एक मंडळी होती, आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, आपल्या देवरूखची. १८९३मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि पुढे ‘बाया कर्वे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच गोदूबाई कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी वर्गणी गोळा करीत फिरल्या. कर्वे स्वतः दापोलीजवळच्या मुरूडचे. मुंबईतील गाववाल्यांकडून पैसे जमवून गावासाठी ‘मुरूड फंड’ चालविण्यात ते पुढे होते, म्हणजे आपल्या मंडळांचे ते एका अर्थाने पूर्वजच. सक्तीचे वैधव्य आणि केशवपन या मुख्यतः वरच्या जातींतल्या रूढी असल्यामुळे विधवांच्या आश्रमांचा लाभ आधी त्या घरांतल्या मुलींना झाला, ही गोष्टही तितकीच खरी. याच कर्व्यांनी उतारवयात, १९४४ साली, समता संघ काढला. आपल्या मंडळाने तेथे पोचायला तेवढा काळ लावण्याचे कारण नाही.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. निवड करायला गावातच राहणाऱ्या तीन बाया नेमाव्यात, त्यांपैकी एक बौद्धवाडीने स्वतः सुचविलेली असावी. मुंबईहून नेमलेली नको. गणपतीत मांडवात मुलीला उभी करून, हातात मोठा पुठ्ठ्याचा धनादेश देऊन फोटो काढण्याचा कार्यक्रम टाळावा. गावात त्या मुलीची गरिबी आयुष्यभर लक्षात राहते, रक्कम राहत नाही. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये जमा करावेत. शुल्कासाठी पैसे देण्याआधी चौकशी करावी. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास विनामूल्य आहे, आणि जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले आहे. अडते ते रत्नागिरी-चिपळूणला राहण्याचे भाडे, खाणावळ आणि प्रवेशपरीक्षेच्या फेऱ्या यांवर, म्हणून तेथे द्यावे. आणि पहिल्या वर्षी सगळे वाटून मोकळे होण्यापेक्षा साठ हजारांप्रमाणे तीन वर्षांचे वचन द्यावे. बॉस्टनच्या त्या मंडळीने दहा वर्षांचे दिले होते.

प्रश्न : आमचा गुहागरजवळ महिला बचत गट आहे. गटातील एकीचे जावई अमेरिकेत असून त्यांचे मित्र मिळून मुलींच्या अभ्यासिकेसाठी दीड हजार डॉलर पाठविणार आहेत. गटाच्या खात्यावर घेतले तर चालतील का?

उत्तर : नाही, वहिनी. परदेशी देणगी घेण्यासाठी २०१०च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम प्रथम दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असून तिने त्या काळात पंधरा लाख रुपये कामावर खर्च केलेले असावे लागतात. नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेने पैसे घेऊन तुम्हाला वर्ग करावेत, ही पळवाट २०२०च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. मात्र जावयांकडे अजून भारतीय पारपत्र असेल, तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. त्यांच्या ज्या मित्रांनी तेथले नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे पैसे मात्र, नाव आणि आडनाव कितीही कोकणी असले तरी, विदेशीच. जावयांना मित्रांचे पैसे स्वतःचे म्हणून पाठवायला सांगू नका. अभ्यासिका महत्त्वाची आहे, पण गट तिच्याहून महत्त्वाचा आहे.

प्रश्न : आम्हा काही निवृत्त बँक कर्मचाऱ्यांना हर्णै परिसरातील कोळी भगिनींना शिलाई यंत्रे द्यायची आहेत. किती द्यावीत?

उत्तर : त्यांनी मागितली असतील तेवढी, आणि मागितली नसतील तर एकही नको. आमच्याच एका संस्थेने पूर्वी खाडीवरच्या एका गावात मुलींना सायकली वाटल्या होत्या. चढ इतका की मुली सायकल हातात धरून वर नेत आणि उतारावर जीव मुठीत धरून खाली येत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बहुतेक सायकली पडवीत गंजल्या, पण आमच्या अहवालात त्यांचा फोटो आजही आहे.

किनाऱ्यावर मासळी घेणाऱ्या बाईचा धंदा तिला उत्तम कळतो. तिला कमी पडते ते लिलावात बोली लावायचे भांडवल, मासळी टिकविण्यासाठी बर्फ आणि झाकणाची पेटी, आणि बंदरावर दिवसभर काढताना लागणारे स्वच्छ शौचालय. आपण बँकेतली माणसे आहात, म्हणून आपल्याजवळ यंत्रांहून मोलाचे काही आहे : किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९पासून मत्स्यव्यवसायालाही लागू झाली आहे, आणि तिचा अर्ज भरून देणारे, शाखेत बरोबर येणारे माणूस या बायांना मिळत नाही. आठवड्यातून एक दिवस बंदरावर टेबल टाकून बसलात, तरी पुष्कळ होईल. मात्र जायचे ते लिलाव उरकल्यावर जावे, कारण त्याआधी आपल्याशी बोलायला तेथे कोणालाही सवड नसते.